सव्वा इंच गवत

एल्मर शिमेकने गुडघे टेकून गवतात लाकडी पट्टी उभी धरली आणि चष्मा कपाळावर सारून आकडा वाचला. अडीच इंच, ना कमी ना जास्त. बेसबॉलच्या मैदानात दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये माती सुरू होते, तिच्या अलीकडचा हा गवताचा पट्टा एखाद्या खोलीएवढाच होता आणि गेली सहा वर्षं तो याच उंचीवर राखलेला होता. बाकीचं सगळं मैदान सव्वा इंचाचं. दुरून बघणाऱ्याला काही कळत नसे. एल्मर या पट्ट्यावर यंत्र उलट्या दिशेने फिरवायचा, त्यामुळे हिरव्याच्या दोन छटा दिसत आणि लोकांना वाटे की म्हाताऱ्याने हौसेने नक्षी काढली आहे.

संघ बाहेरगावी गेला होता. साडेचार हजार खुर्च्यांच्या त्या मैदानात त्याच्याखेरीज चिटपाखरू नव्हतं, म्हणून पट्टीवर सावली पडली तेव्हा तो चपापला आणि चोरी पकडली गेल्यासारखी पट्टी खिशात सारली.

"मिस्टर शिमेक, जरा वेळ आहे का तुम्हाला?"

लोर्ना प्रुइट होती. एल्मरच्या मुलीची ही वर्गमैत्रीण. शाळेत असताना त्याच्या स्वयंपाकघरात बसून तिने बशा भरभरून सफरचंदाचा केक खाल्ला होता. आता दोन मुलांची आई झाली, दाताच्या डॉक्टरांकडे नोकरी करायला लागली, तरी तिच्या तोंडून नुसतं एल्मर काही निघत नसे. तिचा नवरा वेंडेल या संघाचा शॉर्टस्टॉप होता, म्हणजे या पट्ट्याच्या मागे मातीत उभा राहून जमिनीलगत सरपटत येणारे चेंडू अडवणारा. सगळ्यात अवघड जागा. आणि वेंडेल छत्तीस वर्षांचा होता.

लोर्नाने पर्समधून एक पाकीट काढलं. हॅलोवे कॉलेजचं पत्र होतं, नदीकाठाने चाळीस मैल खाली. तिथला प्रशिक्षक निवृत्त होतोय आणि त्यांना त्याच्या जागी वेंडेल हवा होता. कॉलेजच्या आवारात घर मिळणार होतं. उत्तर सोमवारी सकाळी आठपर्यंत द्यायचं होतं.

"छान की मग," एल्मर म्हणाला.

"तो नाही म्हणणार आहे."

एल्मरने गवताची एक काडी उपटली.

"तीन वर्षांपूर्वीही विचारलं होतं त्यांनी. तेव्हाही नाहीच म्हणाला. तुम्हाला बोलला नाही का?" तिने पाकिटाची कड उगाच दुमडली आणि सरळ केली. "म्हणतो, मी अजून संपलो नाहीये. म्हणतो, बाहेरची मैदानं भिकार असतात, घरी माझ्या हातून काय सुटतं ते सांग. या वर्षी घरी चार चुका, बाहेर एकोणीस. चार, मिस्टर शिमेक. त्याच्यापुढे मी काय बोलणार?"

एल्मरचे कान तापले. सकाळच्या उन्हामुळे असेल असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं.

"तुम्ही बोला ना त्याच्याशी," लोर्ना म्हणाली. "तुमचं ऐकतो तो."

बोलतो, असं म्हणून एल्मरने तिची बोळवण केली. ती गेल्यावर त्याने खिशातली पट्टी काढली, परत ठेवली, आणि बराच वेळ तिथेच बसून राहिला. एकदा खाली बसलं की उठणं हल्ली त्याच्या जिवावर येई.

बेसबॉलची एक वाईट खोड आहे. बाकीच्या खेळांत माणूस चुकला की लोक हळहळतात आणि पुढच्या चेंडूला विसरून जातात. इथे चूक मोजतात. मैदानातल्या मोठ्या फलकावर धावा आणि फटक्यांच्या शेजारी चुकांचा वेगळा रकाना असतो. हातातून चेंडू सुटला की तिथला आकडा वाढतो आणि दिवसभर साऱ्या गावाला दिसत राहतो. दुसऱ्या दिवशी तोच आकडा नावासकट वर्तमानपत्रात येतो.

सहा वर्षांपूर्वी वेंडेलच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तो परत आला, त्याच आठवड्यात एल्मरच्या यंत्राचं पातं बोथट झालं होतं. नवं येईपर्यंत गवत वाढलं. त्या लांब गवतात चेंडूचा जोर मरे आणि दमलेल्या कुत्र्यासारखा तो वेंडेलच्या पायाशी येऊन थांबे. वेंडेल सगळं अडवत होता. लंगडत का होईना, पोहोचत होता. गाव खूश, वेंडेल खूश. नवं पातं आलं तेव्हा एल्मरने सगळं मैदान कापलं आणि तेवढा पट्टा सोडून दिला. एक आठवडा राहू दे म्हणाला. मग आणखी एक.

यात लबाडी अशी काही नव्हती. आपल्या खेळाडूंना सोसेल असं मैदान राखणं हा मैदानवाल्यांचा जुनाच रिवाज आहे. पळणारे खेळाडू आपले असले की माती घट्ट ठेवतात, पाहुणे पळणारे असले की तिच्यावर दोन बादल्या पाणी जास्त ओततात. सगळे करतात आणि कोणी बोलत नाही. एल्मरच्या हातून घडलं ते एवढंच, की हे ज्याच्यासाठी केलं त्यालाही त्याने सांगितलं नाही. आधी वाटलं होतं, पोराचा धीर खचेल. नंतर सांगायची वेळच निघून गेली. आणि वेंडेल घरचे आणि बाहेरचे आकडे शेजारी शेजारी मांडून बसला, आणि त्यातून त्याने जो निष्कर्ष काढला तो अगदी तर्कशुद्ध होता. त्याच्या जोरावर त्याने तीन वर्षांपूर्वी कॉलेजला नकार कळवला.

ही गोष्ट एल्मरला त्या बुधवारी लोर्नाकडून कळली. त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, दुसरी एक कळली होती.

बस निघायच्या आधी टॉबिन, म्हणजे संघाचा मॅनेजर, अवजारांच्या खोलीशी आला होता. चौतीस वर्षांचा सभ्य माणूस, पण या मोसमाने त्याचे डोळे खोल गेले होते. एप्रिलमध्ये गावभर भित्तिपत्रकं लागली होती, यंदा आपलंच वर्ष म्हणून. मे महिन्यात पहिल्या बेसवरचा पोरगा बरा खेळायला लागला तर मोठ्या शहरातल्या वरच्या संघाने त्याला उचलून नेलं. जूनमध्ये चांगला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, नेला, जुलैत आणखी दोघांना. या कॅल्डरवुड गावच्या संघाचं नशीबच असं. जो पिकला तो वर गेला आणि खाली राहिले कच्चे आणि नासलेले. एकशे एकोणचाळीस सामन्यांपैकी नव्वदहून जास्त हरण्याच्या वाटेवर संघ होता, आणि शेवटचा सामना रविवारी घरी होता.

टॉबिनने विचारलं होतं, वेंडेल पुढच्या वर्षी नसला तर गावाला राग येईल का. वरच्या संघाकडून पुढच्या वर्षीच्या खेळाडूंची यादी आली होती. तिच्यात त्याचं नाव नव्हतं. रविवारी सामना झाला की सांगणार होता तो, तोवर कृपा करून कुठे बोलू नका, असंही म्हणाला. एल्मरने मान हलवली होती. मैदानवाल्याला लोक असं सगळं सांगून टाकतात. तो सतत खाली बघून काम करत असतो, म्हणून असेल.

आता एल्मरपाशी दोन गोष्टी होत्या आणि वेंडेलपाशी एकच. रविवारी वेंडेल त्या लांब गवतामागे झकास खेळणार, टॉबिनने काहीही सांगितलं तरी फुशारून घरी जाणार आणि सोमवारी आठ वाजता कॉलेजला नाही म्हणणार. मग त्याच्या हातात ना संघ, ना कॉलेज.

बुधवारी संध्याकाळी एल्मरने वेंडेलच्या हॉटेलवर फोन लावला. टॉबिनला दिलेला शब्द अर्धा मोडून सांगितलं, की ऐकतोय मी, पुढच्या वर्षी तुला घेत नाहीत म्हणे. वेंडेल मोठ्याने हसला.

"चार वर्षं ऐकतोय मी हे. दर वसंतात म्हणतात, प्रुइट संपला. मग घरच्या मैदानावर पहिले दहा सामने होतात आणि गप्प बसतात. या वर्षी घरी किती चुका झाल्या माहितीये, म्हाताऱ्या?"

"चार," एल्मर म्हणाला.

"बघ. तुलापण पाठ आहे."

त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. पलीकडे कुणीतरी विनोद केला, वेंडेलने त्याला शिवी हासडली, मग एल्मरला विचारलं की रविवारी हवा कशी राहील. एल्मरने हवा सांगितली. सहा वर्षांची गोष्ट फोनवर सांगण्याची हिंमत त्याच्यात नव्हती. फोन ठेवल्यावर तो बायकोला, बर्निसला, तसं म्हणालाही. मी भित्रा आहे, म्हणाला. बर्निस बटाटे सोलत होती. ती म्हणाली, भित्रा तर आहेसच, पण बोलणं हे कधी तुझं काम नव्हतं, तुझं काम गवताचं.

ती सहज म्हणाली होती. एल्मर मात्र त्यावर रात्रभर कूस बदलत राहिला.

गवत एका दिवसात अर्ध्यावर आणता येत नाही. एका वेळी तिसरा हिस्सा कापायचा, जास्त कापलं तर मुळं भाजतात आणि पट्टा पिवळा पडतो. म्हणजे तीन सकाळी लागणार. गुरुवारी त्याने यंत्र पट्ट्यापाशी आणलं, दोन इंचांवर लावलं आणि ते चालू करून नुसता उभा राहिला. अजून मागे फिरता येत होतं. दोन इंचांवर वेंडेल निभावून नेईल, त्याला कळणारही नाही. दोन इंचांवर त्याने कापलं. शुक्रवारी दीडवर आणलं. शुक्रवारनंतर मागे फिरायचा प्रश्न उरला नाही, कारण कापलेलं गवत काही परत चिकटवता येत नाही.

शनिवारी सकाळी शेवटचा हात फिरवून त्याने पट्टी उभी धरली. सव्वा इंच. सगळं मैदान सहा वर्षांत पहिल्यांदाच एकसारखं दिसत होतं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याने इतकं नीट मैदान क्वचित तयार केलं असेल, आणि तरी तो पुन्हा न बघता यंत्र ठेवायला निघून गेला.

रविवारी ऊन कडक होतं. दरवाजात लोकांना संघाचं छायाचित्र फुकट वाटत होते. ते एप्रिलमध्ये काढलेलं, त्यामुळे चोवीस जणांपैकी अकरा आता संघात नव्हतेच. हजार-बाराशे लोक आले. तिसऱ्या बेसच्या मागे, पहिल्या रांगेत, आपल्या नेहमीच्या खुर्चीत मिसेस ओडेल येऊन बसल्या. वय ब्याऐंशी, मांडीवर गाईच्या गळ्यातली घंटा. आपल्या खेळाडूने काही चांगलं केलं की त्या घंटा वाजवत, आणि या मोसमात म्हणे त्यांच्या खांद्याला चांगलीच विश्रांती मिळाली होती. वेंडेलवर त्यांचा विशेष जीव. त्याने अडवलेल्या प्रत्येक चेंडूला घंटा वाजे.

एल्मर अवजारांच्या खोलीच्या दारात स्टुलावर बसला. वेंडेल धावत आपल्या जागी आला, सवयीने एल्मरच्या दिशेने टोपी हलवली आणि बुटाच्या टोकाने गवत चाचपलं. मग परत चाचपलं. वाकून त्याने पंजा गवतावर ठेवला. उठला तेव्हा त्याने एल्मरकडे बघितलं नाही. तो तीन पावलं मागे सरकला आणि तिथे उभा राहिला.

एल्मर रोज सामन्यानंतर मातीवरून दाताळं फिरवायचा आणि बुटांच्या खिळ्यांचे ठसे वाचायचा. गेल्या सहा वर्षांत वेंडेलचे ठसे दरवर्षी अर्धा पाऊल पुढे सरकत गवताशी आले होते. आज तो उभा होता ती जागा बावीस वर्षांच्या वेंडेलची होती. चेंडू वेगाने येणार हे ओळखून जिथे उभं राहायला हवं, नेमकी तीच. पाय चांगले असते तर ती योग्य होती.

तिसऱ्या डावात पहिला चेंडू त्याच्याकडे आला. काही विशेष नाही, असे चेंडू वेंडेलने आयुष्यात हजारो अडवले होते. गवत त्याला थांबवायला नव्हतं. वेंडेल निघाला, वाकला, आणि चेंडू त्याच्या हातमोज्याखालून निघून गेला. अर्ध्या पावलाचा फरक. फलकावर चुकांच्या रकान्यात एक आला. लोकांना काही कळेना. घरच्या मैदानावर वेंडेलच्या हातून असं होत नसे.

पाचव्या डावानंतर खेळ थांबतो आणि मैदानवाला जाऊन माती सारखी करतो. हीच त्या दोघांची रोजची गाठ. एल्मर जाळी ओढत यायचा आणि वेंडेल त्याच्या चालीची नक्कल करायचा, पेन्शन कधी घेतोस विचारायचा, बर्निसला माझ्यासोबत पळून ये म्हणावं असं सांगायचा. आज तो कमरेवर हात ठेवून उभा होता. एल्मर जाळी ओढत जवळ आला.

"नवं पातं बसवलंस काय?" वेंडेलने विचारलं.

"नाही," एल्मर म्हणाला.

वेंडेलने मान हलवली. एल्मर जाळी ओढत पुढे गेला. त्या जागेपासून दारापर्यंतचं अंतर त्याला कधी एवढं लांब वाटलं नव्हतं.

सातव्या डावात दुसरा चेंडू त्याच्या मनगटावर आपटून बाजूला उडाला. फलकावर दोन. वरच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "प्रुइट, नातवंडं खेळवायचं वय झालं, घरी जा." आणि काही लोक हसले. घरच्या मैदानावर त्याच्यावर असं कधी कोणी ओरडलं नव्हतं. एल्मरला वाटलं, उठून सगळ्यांना सांगावं की हे मी केलंय, मला बोला. तो उठला नाही. मिसेस ओडेलनी घंटेचा लोळा मुठीत घट्ट धरून ठेवला होता, चुकूनसुद्धा वाजू नये म्हणून.

नवव्या डावात तिसरा चेंडू आला, त्याच्या उजव्या हाताला, लांब. वेंडेलने स्वतःला झोकून दिलं. चेंडू हातमोज्यात बसला. उठायला वेळ नव्हता आणि गुडघा उठू देत नव्हता, म्हणून त्याने गुडघ्यांवरूनच फेकला. फेक सरळ गेली. पळणारा मात्र पहिल्या बेसवर आधीच पोहोचला होता. याला चूक धरत नाहीत, रकान्यात दोनच राहिले. घंटा एकदाच वाजली, अर्धवट. लोळा मिसेस ओडेलच्या मुठीतून निसटला असेल किंवा त्यांनी मुद्दाम वाजवली असेल.

संघ सहा-दोनने हरला. मोसमातली ब्याण्णवावी हार. लोक छायाचित्रांनी वारा घेत बाहेर पडले. पुढच्या वर्षी भेटू, असं एकमेकांना सांगणारेही या वेळी कमीच होते.

एल्मरने आधी पिचरच्या उंचवट्याची माती ठोकून बसवली, मग घरच्या बेसभोवतीची. शॉर्टस्टॉपची जागा त्याने शेवटी ठेवली. दाताळं घेऊन तो तिथे उभा राहिला तरी हात चालेना. ठसे स्पष्ट होते. मागची ती तीन पावलं, उजवीकडची धाव, आणि जिथे तो पडला तिथे मातीत उमटलेला लांब ओरखडा.

वेंडेल आला तो अजून खेळाच्याच कपड्यांत. गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधली होती. येऊन गवताच्या कडेला उभा राहिला.

"टॉबिनने सांगितलं," तो म्हणाला. "तुला माहीत होतं."

"मंगळवारपासून."

"आणि हे?" त्याने बुटाने गवत दाखवलं. "किती आहे?"

"सव्वा इंच."

"आणि एरवी?"

"अडीच," एल्मर म्हणाला. "तुझं ऑपरेशन झालं तेव्हापासून. सगळं बाकीचं सव्वाच असायचं. तेवढा पट्टा अडीच."

वेंडेलने सहा वर्षं मोजल्यासारखी बोटं हलवली आणि हात खाली टाकला. मग तो नदीच्या बाजूच्या रिकाम्या रांगांकडे वळला.

"मी लोर्नाला आकडे दाखवायचो," तो म्हणाला. "तिच्यासमोर कागद आपटायचो. घरी बघ, म्हणायचो." त्याचा आवाज चढला. "आणि आज का रे? एकच दिवस उरला होता. साऱ्या गावासमोर! एक दिवस मला दिला असतास तर काय गेलं असतं तुझं?"

एल्मरला तीन दिवस या प्रश्नाची भीती वाटत होती, आणि आता तो आला तेव्हा उत्तर सोपं निघालं.

"एक दिवस दिला असता तर उद्या तू कॉलेजला नाही म्हणाला असतास."

बर्फाची पिशवी घसरली होती, ती वेंडेलने वाकून वर केली. वाकताना कण्हला.

"म्हणालो असतो," शेवटी तो म्हणाला.

"तीन वर्षांपूर्वीचं मला माहीत नव्हतं, पोरा. लोर्ना बुधवारी बोलली. मला माहीत असतं तर..." माहीत असतं तर एल्मरने काय केलं असतं, हे त्यालाच सांगता येत नव्हतं. "माझं चुकलं," तो म्हणाला. "चांगलं करायला गेलो. पण चुकलं."

"खरं सांगू?" वेंडेल म्हणाला. "या पट्ट्यावरून मी रोज चालत होतो. बुटाला लागायचं ते गवत. मला कळत नव्हतं असं नाही. मीच खाली बघायचं टाळलं."

कुणीतरी फलक बंद केला आणि दोनाचा आकडा विझला. वेंडेलने मान वळवून बघितलं, मग परत मातीकडे बघितलं, जिथे त्याचे ठसे होते.

"लोर्ना म्हणते, आठला फोन करायचा म्हणजे आठलाच," तो म्हणाला. "तिकडे मैदानाला माणूस नाहीये म्हणे. कोचच गवत कापतो आणि कोचच दाताळं मारतो."

"लहान कॉलेजात तसंच असतं."

"दे इकडे."

एल्मरने दाताळं दिलं. त्यासाठी त्याला मूठ सोडवावी लागली. वेंडेलने ते कोयत्यासारखं धरलं, म्हणजे चुकीचं, आणि आधी त्या लांब ओरखड्यावरून ओढलं. मग धाव पुसली. मग मागची तीन पावलं. चौदा वर्षं तो या मातीवर उभा होता आणि ती सारखी कशी करतात हे त्याने एकदाही नीट बघितलेलं नव्हतं. दाताळं मारणारा मागे मागे सरकत जातो, म्हणजे सारख्या केलेल्या मातीवर त्याचा पाय पडत नाही. वेंडेल पुढे चालत होता. इकडे पुसत होता आणि तिकडे स्वतःच पुन्हा उमटवत होता.

एरवी एल्मर ओरडला असता. गवताच्या कडेला उभं राहून त्याने सगळं होईस्तोवर नुसतं बघितलं.

"बरं झालंय का?" वेंडेलने विचारलं.

"चालेल," एल्मर म्हणाला.

वेंडेलने दाताळं त्याच्या हातात दिलं, त्याच्या खांद्यावर एक थाप मारली आणि लंगडत, त्याच ताज्या मातीवरून, बाहेरच्या दाराकडे गेला. तिथे लोर्ना गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन थांबली होती.

एल्मर मातीकडे बघत उभा राहिला. शॉर्टस्टॉपच्या जागेपासून बुटांच्या खिळ्यांची एक ओळ निघाली होती, उजवा पाय खोल आणि डावा उथळ, आणि ती सरळ मैदानाबाहेर गेली होती. ती पुसणं दोन मिनिटांचं काम होतं. एल्मरने दाताळं उलटं करून खांद्यावर घेतलं, त्या ओळीला वळसा घालून गवतावरून चालत गेला, आणि अवजारांच्या खोलीला कुलूप लावलं.